जोत्यावर वाडा चढवताना

दिवाळीच्या सुट्टीत वारज्यात फेरफटका मारला की जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या आवारात एखादा तरी किल्ला दिसतो. खाली विटा आणि दगड, त्यावर गोणपाट, वर लिंपलेली माती, उतारावर पेरलेला हळीव आणि वाटेवाटेवर उभे केलेले मावळे. गेल्या दिवाळीत आम्ही काही शिक्षक मुद्दाम असे किल्ले बघत हिंडलो. एके ठिकाणी सातवी-आठवीतल्या मुलांनी राजगड केला होता. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या त्यांनी नीट वेगळ्या काढल्या होत्या. पद्मावती माचीवर एक दुमजली, लाल कौलांचा वाडा दिमाखात उभा होता.

आमच्यातल्या एकाने विचारले, "वाडा सुंदर झालाय. पण गडावर तर आता नुसती जोती आहेत ना?"

"हो सर, पण जोतं आहे म्हणजे वर वाडा असणारच की."

"बरोबर. पण दुमजलीच होता हे कशावरून?"

मुलगा जरा घुटमळला आणि मग हसून म्हणाला, "बुटांचं खोकं तेवढंच उंच होतं, सर."

इतके प्रामाणिक उत्तर आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. 'जोते आहे म्हणजे वर काहीतरी होते' हे पुराव्यावरून केलेले अनुमान. 'दुमजली होता' ही हाताशी असलेल्या साहित्याची सोय. मुलाला या दोन्हींतला फरक ठाऊक होता आणि विचारल्यावर त्याने तो सांगितला. पुरातत्त्वीय वारसा लोकांपुढे 'जिवंत' करण्याचे जे मोठे, खर्चिक प्रयत्न होतात, त्यांत बुटांचे खोके कुठे लपले आहे हे आपल्याला इतक्या सहज कळते का? या प्रश्नाची मोजपट्टी हातात घेऊन आम्ही आमच्या भागातून सहलीला जाता येईल अशा काही ठिकाणांचा पुन्हा विचार केला. त्याचे हे परीक्षण.

मोजपट्टी कोणती?

भग्न वास्तूचे काय करावे यावर जगभर बराच वाद झालेला आहे. १९६४ साली व्हेनिस येथे वास्तुतज्ज्ञांनी एक सनद तयार केली. तिचे सार असे की, जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. नव्याने घातलेला भाग जुन्याहून वेगळा ओळखू आला पाहिजे. आणि उत्खननात मिळालेल्या अवशेषांच्या बाबतीत फार तर सुटे झालेले मूळ तुकडे पुन्हा जागच्या जागी जुळवावेत, मनाने नवे बांधू नये.

पुढे संगणक आला. दगडाला हातही न लावता पडद्यावर सबंध नगर उभे करता येऊ लागले. तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. पडद्यावरचे चित्र इतके खरे वाटते की पाहणारा ते छायाचित्र समजून बसतो. म्हणून २००६ साली अशा संगणकीय चित्रणासाठी लंडन सनद तयार झाली. तिचा आग्रह असा की, चित्र कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या तर्काने काढले याची नोंद ठेवावी आणि ती बघणाऱ्याला उपलब्ध असावी. माहीत असलेले कोणते आणि संभाव्य कोणते, हे त्याला कळले पाहिजे.

याचे एक साधे उदाहरण कोणत्याही पुराणवस्तू संग्रहालयात दिसते. फुटक्या मडक्याची खापरे जुळवताना जिथे खापर मिळालेले नसते, तिथे प्लॅस्टर भरतात आणि त्याचा रंग मुद्दाम थोडा वेगळा ठेवतात. मडक्याचा संपूर्ण आकार तर दिसतो, पण जुने कुठे संपते आणि आजचे कुठे सुरू होते हेही दिसते. कोणी फसत नाही आणि कोणी निराशही होत नाही. आमची मोजपट्टी हीच आहे: आकार दिसतो का, आणि प्लॅस्टर ओळखू येते का?

शनिवारवाडा : आकार दिसत नाही

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. आज तट, नऊ बुरूज, पाच दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना, कारंज्यांची कुंडे आणि जोती शिल्लक आहेत. आगीने जे नेले आणि जे ठेवले, त्यातच मोठा धडा आहे. वाड्याचा सांगाडा लाकडी होता. खांब, तुळया, तक्तपोशी, सगळे लाकूड. ते जळले आणि दगड राहिला. म्हणजे आज आपण पाहतो तो वाडा नव्हे, वाड्यातला न जळणारा भाग आहे.

हे एक वाक्य सांगितले की मुले जोत्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. पण एरवी काय होते? मुले दिल्ली दरवाजातून आत येतात, अणकुचीदार खिळ्यांना हात लावून बघतात आणि आत हिरवळ पाहून विचारतात, "वाडा कुठे आहे?" जोत्यांपाशी दिवाणखान्यांची आणि महालांची नावे वाचायला मिळतात, पण नावावरून वास्तू दिसत नाही. ध्वनिप्रकाशाच्या खेळात आवाज आणि रंगीत प्रकाशझोत असतात, पण त्यात पराक्रमाची आणि कारस्थानांची गोष्ट पुढे येते. वास्तू मागे राहते. खोली किती मोठी होती, छत किती उंच होते, उजेड कुठून येई, पाणी कारंज्यात कसे चढे, हे विद्यार्थ्याचे प्रश्न तसेच राहतात. प्लॅस्टर ओळखू येण्याचा इथे प्रश्नच नाही, कारण मडके जुळवायला कोणी बसलेच नाही.

जुळवता आले असते का? बरेचसे आले असते. जोत्यांवरून खोल्यांची लांबी-रुंदी कळते. खांबांचे आकार आणि नक्षी कशी असेल हे पेशवाईतल्या उभ्या असलेल्या वास्तूंवरून ताडता येते. पुण्यातला विश्रामबागवाडा आणि वाईजवळ मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा अजून पाहायला मिळतात. पेशवे दप्तरातले खर्चाचे कागद आहेत. आणि एक प्रसिद्ध चित्रही आहे.

या चित्राबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. १७९० साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात टिपूविरुद्ध तह झाला. सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तहाचा कागद देत आहे, मागे गणपतीची भव्य मूर्ती आहे, असे ते चित्र. गणपती रंगमहाल कसा होता हे सांगताना त्याचाच आधार घेतला जातो. पण त्याची जन्मकथा पाहा. त्यासाठी आरेखने केली जेम्स वेल्स या चित्रकाराने. वेल्स हिंदुस्थानात आला तोच १७९१ साली, म्हणजे तह होऊन गेल्यावर. १७९५ साली तो वारला. त्याच्या आरेखनांवरून थॉमस डॅनियल याने इंग्लंडमध्ये चित्र पुरे केले ते १८०५ साली. तेव्हा हे डोळ्यांदेखत काढलेले चित्र नाही. वेल्सने पुण्यात येऊन माणसे प्रत्यक्ष पाहिली होती, म्हणून चित्राला किंमत आहे. पण तो क्षण त्याने पाहिला नव्हता. आपला सर्वांत चांगला दृश्य पुरावा हीसुद्धा एक पुनर्रचनाच आहे!

हे कळल्याने चित्राचे मोल कमी होत नाही. उलट विद्यार्थ्याला एक हत्यार मिळते. कोणतेही चित्र दिसले की तो विचारू शकतो: कोणी काढले, केव्हा काढले, त्याने काय पाहिले होते?

इथे आमचीही एक कबुली. शनिवारवाड्याच्या सर्वांत वरच्या गच्चीवरून आळंदीच्या मंदिराचा कळस दिसत असे, हे आम्ही वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. कधी तपासले नाही. एका विद्यार्थिनीने विचारले, "पृथ्वी गोल आहे, मग इतक्या लांबचं दिसेल का?" तेव्हा आम्ही गणिताला बसलो. सपाट प्रदेशात क्षितिज किती दूर असते हे काढायची रीत सोपी आहे: डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ३.५७ ने गुणायचे; उत्तर किलोमीटरमध्ये येते. वाडा सात मजली होता असे सांगतात. एक मजला साडेतीन मीटरचा धरला तर उंची सुमारे २५ मीटर. वर्गमूळ ५, म्हणजे क्षितिज जवळजवळ १८ किलोमीटरवर. शनिवारवाडा ते आळंदी हे सरळ रेषेतले अंतरही साधारण १८ किलोमीटरच आहे. म्हणजे पृथ्वीची गोलाई आड येत नाही. आड येऊ शकतात ते मधले चढ-उतार. त्यासाठी समोच्च रेषांचा नकाशा घेऊन दोन ठिकाणांमध्ये रेष ओढावी लागेल आणि तिच्यावरच्या उंच्या आलेखावर मांडाव्या लागतील. आमच्या आठवीच्या वर्गाचे ते काम चालू आहे. उत्तर काहीही येवो, 'असे म्हणतात' पासून 'असे दिसते' पर्यंतचा रस्ता मुलांनी पाहिला.

मस्तानी महाल : लाकूड खरे, जागा दुसरी

वारज्याच्या शेजारी कोथरूड. तिथे मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आता कोथरूडमध्ये नाहीत. राजा दिनकर केळकर संग्रहालयात तो महाल पुन्हा उभारलेला आहे. डॉ. दिनकर केळकरांनी उभ्या आयुष्यात जमवलेला हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाला दिला. तो पाहायला जाणाऱ्या मुलांना हे दालन हमखास आवडते.

इथे शनिवारवाड्यात नेमके जे मिळत नाही ते मिळते. आपण एका खोलीत उभे राहतो. लाकडाचा रंग, छताची उंची, उजेडाची मंद छटा शरीराला जाणवते. 'दालन' हा शब्द पुस्तकात वाचणे आणि दालनात उभे राहणे यांतला फरक कळतो. आणि वस्तू जुन्या आहेत, ही मोठीच जमेची बाजू.

पण दोन गोष्टी शिक्षकाने सांगितल्याच पाहिजेत. एक म्हणजे स्थलांतर. घराचा अर्थ त्याच्या जागेत असतो. खिडकीतून काय दिसे, वारा कुठून येई, विहीर किती लांब होती, हे सगळे मूळ जागीच राहिले. दुसरी म्हणजे जुळणी. हलवलेली वास्तू पुन्हा उभारताना नव्या खोलीच्या मापाशी थोडीफार तडजोड होतेच. यात दोष नाही. शहर वाढत असताना लाकूड वाचले हेच पुष्कळ. फक्त मुलांना तिथे उभे करून विचारावे: यातले कोणते जुने वाटते, कोणते नवे? मडक्यातले प्लॅस्टर शोधण्याचा हा खेळ मुले तासभर खेळतात.

शिवसृष्टी : आकार दिसतो, मग?

वारज्यातून महामार्गाने कात्रजच्या दिशेने निघाले की आंबेगावला शिवसृष्टी लागते. बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेतून महाराजा शिवछत्रपती प्रतिष्ठानने हाती घेतलेल्या या प्रकल्पाचा पहिला टप्पा, सरकारवाडा, १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. इथे सगळेच नव्याने बांधलेले आहे. मराठा वास्तुशैलीतली इमारत, किल्ल्यांची ओळख, शिवचरित्रातल्या प्रसंगांचे दृक्‌श्राव्य सादरीकरण असा थाट आहे.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने म्हटली पाहिजे. मोकळ्या जागेवर नवे बांधणे हा पुनर्रचनेचा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. कोणत्याही जोत्याला धक्का लागत नाही. उद्या नवे संशोधन पुढे आले तर बदल करता येतो. गडावर चढू न शकणाऱ्या आजी-आजोबांना आणि लहान मुलांनाही दरवाजा, सदर, तटबंदी यांची कल्पना येते. 'आकार दिसतो का?' याचे उत्तर इथे निःसंशय 'हो' असे आहे.

अडचण आहे ती माध्यमाच्या स्वभावात, आणि ती जगातल्या कोणत्याही अशा सादरीकरणात येते. चित्रपट मध्येच थांबून 'पुढचे आम्हाला नक्की ठाऊक नाही' असे म्हणत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक खांबाला रंग द्यावाच लागतो. 'रंग अज्ञात' असा खांब दाखवता येत नाही. त्यामुळे घट्ट पुरावा असलेली गोष्ट आणि बुटांचे खोके सारख्याच झगमगाटात दिसतात.

सिंहासनाचेच उदाहरण घेऊ. कोणत्याही राज्याभिषेकाच्या चित्रात किंवा देखाव्यात ते असते. त्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? रायगडावर राजसदरेचे जोते आणि समोरचा नगारखाना आहे. म्हणजे जागा माहीत आहे. ६ जून १६७४ च्या सोहळ्याला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. सिंहासनाच्या दोन बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर मोठ्या दातांच्या माशांची मस्तके, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचा तराजू अशी चिन्हे त्याने पाहिली आणि लिहून ठेवली. हा डोळ्यांनी पाहणाऱ्याचा पुरावा. सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते हे सभासदाच्या बखरीत येते. बखर सोहळ्यानंतर वीसेक वर्षांनी लिहिलेली, पण लेखक त्याच दरबारातला. आणि सिंहासनाच्या पाठीचा नेमका आकार, सिंहांच्या चेहऱ्यांचे वळण, छत्रीची झालर? इथे चित्रकाराची कल्पना सुरू होते. एकाच वस्तूत पुराव्याच्या चार पायऱ्या आहेत. या पायऱ्या प्रेक्षकाला दिसल्या तर त्याची भक्ती कमी होईल का? आमचा अनुभव उलट आहे. परक्या माणसाने स्वतः पाहून लिहिलेला तराजू ऐकला की वर्ग एकदम शांत होतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. खेळ भव्य असू द्यावा, पण बाहेर पडताना एक लहान दालन असावे: 'आम्ही हे कशावरून दाखवले'. तिथे जोत्याचे छायाचित्र, कागदाची प्रतिमा, समकालीन वास्तूचा नमुना आणि 'हा आमचा तर्क' असे मोकळेपणाने लिहिलेला एक फलक. शिक्षकाला त्या दालनात मुख्य खेळापेक्षाही जास्त वेळ घालवावासा वाटेल. तोवर हे काम सहलीनंतरच्या तासाला आपल्यालाच केले पाहिजे.

इनामगाव : पुरावा आहे, दृश्य नाही

चौथे ठिकाण असे की जिथे पाहायला जवळजवळ काहीच नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या संशोधकांचे हे काम ताम्रपाषाणयुगीन खेड्याच्या अभ्यासात आजही आधारभूत मानले जाते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तिथे वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले.

तीन हजार वर्षांपूर्वीचे कुडाचे घर सापडते म्हणजे काय सापडते? भिंत सापडत नाही, छप्पर सापडत नाही. सापडतात ते खांबांचे खळगे. जमिनीत रोवलेला खांब कुजून जातो आणि त्याच्या जागी वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरते. आजूबाजूच्या चोपलेल्या जमिनीत गोल ठिपक्यासारखी ती दिसते. अशा ठिपक्यांची ओळ म्हणजे भिंत. ओळ तुटली तिथे दार. मध्ये जळकी माती म्हणजे चूल. खोल, लिंपलेला खड्डा म्हणजे धान्याचे पेव. यावरून कळते की मधल्या काळात लोक मोठ्या, आयताकृती घरांत राहत; आणि शेवटच्या काळात, इसवी सनापूर्वी १००० नंतर, लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेला, शेती खालावली, शिकारीवर भर आला, असा त्याचा अर्थ उत्खननकर्त्यांनी लावला.

एक घर पाच खोल्यांचे होते आणि शेजारी कोठार होते. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात बसलेल्या स्थितीत एका पुरुषाला पुरलेले होते. गावातल्या इतर प्रौढांना आडवे पुरलेले, पायांची पावले तोडलेली. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेले. या माणसाची पावले मात्र शाबूत. म्हणून हा गावाचा प्रमुख असावा, असे म्हटले जाते. 'पाच खोल्या' हे सापडलेले, 'प्रमुख' हे अनुमान. आणि पावले का तोडत? मृताने उठून चालत जाऊ नये म्हणून, हे एक स्पष्टीकरण. पण तो तर्कच.

इतका पुरावा असून सामान्य माणसाला इनामगाव ठाऊक नाही. उत्खनन संपले की खड्डे बुजवतात, तसे करणे जमिनीतल्या अवशेषांच्या हिताचेच असते. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे पद्धतीची लाल, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी पाहायला मिळतात. पण त्या भांड्यातून पाणी ओतणाऱ्या बाईचे घर कुठे पाहायचे?

इंग्लंडमध्ये अशा घरांचे काय केले ते पाहण्याजोगे आहे. हॅम्पशायर परगण्यात १९७२ साली पीटर रेनॉल्ड्स यांनी बट्सर येथे प्रयोगशेत सुरू केले. उत्खननात मिळालेले खळगे मोजायचे, तशाच मापाचे खांब रोवून खरेखुरे घर बांधायचे आणि वर्षानुवर्षे त्याच्यावर ऊन-पावसाचा परिणाम नोंदवायचा. १९७६ साली त्यांनी सुमारे १३ मीटर व्यासाचे एक गोल घर उभारले. तोपर्यंत चित्रांत अशा घरांच्या छपराला वर धूर जायला भोक दाखवत. प्रत्यक्ष अनुभवातून दिसले की भोकाची गरज नाही. धूर गवतातून हळूहळू झिरपत बाहेर जातो. उलट भोक ठेवले तर हवा वर ओढली जाते आणि ठिणग्या छपरात जाण्याची भीती असते. आपल्याकडे गवताने शाकारलेल्या झोपडीतून धूर कसा निघतो हे पाहिलेल्या कोणाही आजीने हे सांगितले असते! मुद्दा असा की इथे पुनर्रचना ही नुसती शोभेची वस्तू राहिली नाही. तो प्रयोग झाला, आणि प्रयोगाने चित्रातली चूक दाखवली.

इनामगावच्या मोजमापांवरून असे एक घर एखाद्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात उभे करायला किती खर्च येईल? बांबू, माती, शेण, गवत. सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त पुराव्याची ही पुनर्रचना आपल्याकडे अजून नेहमीच्या सहलीचा भाग झालेली नाही, ही आमच्या मते या चार ठिकाणांच्या तुलनेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

हे सगळे आताच का?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड आहेत. सर्वांना आनंद झाला, आम्हालाही. त्याबरोबर 'आता गडावरचे वाडे पुन्हा बांधा' ही जुनी मागणीही जोराने ऐकू येऊ लागली. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरच्या इमारती जळाल्या. त्या पुन्हा उभ्या राहाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जागतिक वारशाचे नियम स्पष्ट आहेत. पुनर्बांधणी अपवाद म्हणूनच, तीही संपूर्ण आणि तपशीलवार पुराव्यावर. अंदाजाला तिथे जागा नाही.

हा नियम कागदी नव्हे. २०२५ च्या त्याच अधिवेशनात ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचे प्राचीन प्रासादही यादीत आले. त्यांतल्या नोसॉस येथे आर्थर इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सळ्या घातलेल्या काँक्रीटने मजले आणि लाल रंगाचे खांब उभारले. पर्यटकांना ते फार आवडले. पण आज तिथे कोणते प्राचीन आणि कोणते इव्हान्स यांच्या मनातले, हे सामान्य प्रवाशाला सांगता येत नाही. आणि काँक्रीट काढावे तर खालचे अवशेष दुखावतील. बुटांचे खोके एकदा काँक्रीटचे झाले की ते काढता येत नाही. त्याच्या खालच्या जोत्याला पुढची पिढी नवा प्रश्न विचारू शकत नाही.

म्हणून आमचे मत असे: मूळ जोत्यावर काहीही चढवायचे ते पुसता येईल असे असावे. मोबाइलच्या पडद्यावरचे चित्र चालेल, जोत्यामागे धरायचा पारदर्शक फलक चालेल, पायथ्याशी केलेली प्रतिकृती चालेल. दगडावर दगड मात्र पुराव्याशिवाय नको.

वर्गात करून पाहा

आम्ही एक पद्धत वापरतो. विद्यार्थ्यांना एखाद्या जोत्याचा मोजून काढलेला आराखडा द्यायचा. शाळेजवळचा पडका वाडा, जुनी विहीर, मोडकळीला आलेली धर्मशाळाही चालते. त्यावर मूळ वास्तूचे चित्र काढायला सांगायचे, पण तीन साधनांनी. जे प्रत्यक्ष सापडले ते काळ्या शाईने. जे दुसऱ्या तशाच वास्तूवरून किंवा कागदपत्रांवरून ताडले ते निळ्या शाईने, आणि शेजारी आधार लिहायचा. जे नुसते वाटते ते पेन्सिलीने. तीन गटांना एकच आराखडा द्यावा. तिन्ही चित्रांतला काळा भाग सारखाच येतो, निळा थोडा वेगळा आणि पेन्सिलीचा अगदी निराळा. ती तीन चित्रे शेजारी शेजारी लावली की वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. वादही निळ्या आणि पेन्सिलीच्या सीमेवरच होतात, आणि तोच खरा इतिहासाचा तास.

पेन्सिलीला कमी लेखू नका, हे मात्र मुलांना जरूर सांगावे. कल्पना केली नाही तर पुढचा प्रश्नच सुचत नाही. 'वाडा दुमजली असावा' असे वाटले तरच कोणीतरी जिन्याचा पाया शोधू लागतो.

तो राजगड करणारा मुलगा आम्हाला नंतर रस्त्यात भेटला. या दिवाळीत वाड्याचा वरचा मजला पांढऱ्या कागदाचा करणार आहे म्हणाला. का, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले, "खालचं दगडाचं जोतं तर आहेच, सर. वरचं माझं आहे, ते कळायला नको का?"